उद्यावाल्यांचे आभार

मी डूख धरणारी बाई आहे. घरच्यांना हे माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे, आमच्या वाण्यालाही माहीत आहे. झालं गेलं गंगेला मिळालं, असं लोक म्हणतात. आमच्या मुलुंडला गंगा नव्हती, त्यामुळे माझं काही कुठे मिळालेलं नाही. सगळं जिथल्या तिथे आहे.

ज्यांच्यावर मी डूख धरला ते गृहस्थ वाईट नव्हते, असं अजून लोक मला सांगतात. नसतील. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची स्वतःची बैठी बंगली होती, पुढे पेरूचं झाड आणि व्हरांड्यात वेताची खुर्ची. फोर्टातल्या एका परदेशी कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. तिथे येणारी विलायती मासिकं जुनी झाली की घरी आणायचे आणि ती वाचून एका साप्ताहिकात 'उद्या' नावाचं सदर लिहायचे. पुढच्या काळात माणूस कसा राहील, काय खाईल, कशात बसून कुठे जाईल, असलं सगळं त्यात असायचं. त्यावरून गल्लीत त्यांना उद्यावाले म्हणत. तोंडावर मी काका म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही.

उद्यावाल्यांना ज्योतिषी म्हटलेलं खपत नसे. "मी भविष्य सांगत नाही हो, मी भविष्याचा अभ्यास करतो," असं ते चष्मा पुसत सांगायचे. जोशीबुवा ग्रह बघतो, आपण विज्ञान बघतो. शास्त्रज्ञ आज काय आहे ते सांगतो, तत्त्वज्ञ काय असावं ते सांगतो, आणि दोघांचं ऐकून पुढे काय होणार ते आपण सांगतो. दोघांनाही जे एकेकट्याला दिसत नाही ते आपल्याला दिसतं. हे वाक्य त्यांचं ठरलेलं होतं आणि ते बोलताना ते नेहमी खिडकीबाहेर बघायचे. खिडकीबाहेर पेरूचं झाड होतं.

माझे वडील त्यांचे भक्त. हे मात्र नवल होतं, कारण वडील कोणाचे भक्त होणाऱ्यातले नव्हते. ते सुधारक. वाचनालयाचे चिटणीस, कचेरीत हेडक्लार्क, घरात सत्यनारायण नाही, सोवळं नाही, अमावास्या-पौर्णिमा नाही. आजोबा गेल्यावर वडिलांनी घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका गोळा केल्या, मोरीतल्या तांब्याच्या बंबात घातल्या आणि त्या पाण्यानं आंघोळ केली. ही गोष्ट ते पाहुण्यांना हमखास सांगत. "आमच्या घरात ग्रहांना प्रवेश नाही," असं म्हणून हसायचे. आई मालवणची. ती आतून म्हणायची, "गिरांक नाय, पण त्या उद्यावाल्याक आसा." वडिलांना ते ऐकू यायचं नाही, किंवा ऐकू आलेलं त्यांना चालत असावं.

त्यात रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडला. उद्यावाल्यांनी त्याच्या थोडं आधी चंद्रावरच्या सहलीबद्दल लिहिलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. पण गल्लीत त्यांचा भाव असा वधारला की लोक मुलांच्या नोकरीपासून गच्ची बांधावी की नाही इथपर्यंत त्यांना विचारायला जाऊ लागले. त्यांच्या कात्रणांचा गठ्ठा वडिलांनी कपाटात, जिथे एके काळी देवाची पोथी असायची तिथे, दोरीनं बांधून ठेवला होता. पत्रिका जाळणारा माणूस त्या गठ्ठ्यावर धूळ बसू देत नव्हता. यातलं विनोदी तेव्हा मला कळलं नाही. मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि मला सायन्सला जायचं होतं.

का जायचं होतं ते सांगते. शाळेत आम्हाला बाईंनी एकदा परीक्षानळीत दोन बिनरंगाची पाणी एकत्र करून दाखवली आणि आत पिवळाधमक साका बसला. बाकीच्या मुली हसल्या. मला रडू आलं. दोन्हींत नव्हतं ते कुठून आलं, हे कळल्याशिवाय मी मरणार नाही असं मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, आधी पाणी भर. पण मॅट्रिकला मला सायन्समध्ये वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले तेव्हा तिनं शेजारपाजारी साखर वाटली. वडीलही खूश होते. माटुंग्याच्या कॉलेजचा फॉर्म आणायचं ठरलंसुद्धा होतं. आणि मग त्यांनी उद्यावाल्यांना चहाला बोलावलं.

ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. आईनं कांदेपोहे केले होते. मी बशी त्यांच्या पुढ्यात ठेवली, वाकून नमस्कार केला. वडिलांनी विचारलं, "हिला सायन्सला घालायचं म्हणतो. आपलं काय मत?" उद्यावाल्यांनी पोह्यातला शेंगदाणा चावून संपवला, मग बाहेर बघितलं. आमच्या खिडकीबाहेर पेरू नव्हता, शेजारच्यांची वाळत घातलेली चादर होती. ते तिच्याकडेच बघत म्हणाले, "मोठी चूक होईल. अहो, आणखी काही वर्षांनी प्रयोगशाळेत माणूस दिसणार नाही. विद्युत मेंदू निघालेत तिकडे. मिश्रणं यंत्र करणार, मोजमाप यंत्र करणार. तिकडचे मोठमोठे शास्त्रज्ञ हेच म्हणताहेत. ही पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा तिचं शिक्षण शिळं झालेलं असेल."

"मग मुलींनी करायचं काय?" हे मी विचारलं. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं म्हणून वडिलांनी माझ्याकडे बघितलं. उद्यावाले मात्र प्रेमानं हसले. म्हणाले, "बाळ, मुलींना वेळच वेळ असणार आहे. स्वयंपाक, धुणं, भांडी, सगळं यंत्रावर. पुढच्या काळाचा खरा प्रश्न फावल्या वेळाचा आहे, असं तिकडचे तत्त्वज्ञही सांगतात. तू कला शीक. गाणं शीक."

झालं. शास्त्रज्ञही म्हणतात आणि तत्त्वज्ञही म्हणतात म्हटल्यावर वडिलांपुढे प्रश्नच उरला नाही. कोण शास्त्रज्ञ, कुठला तत्त्वज्ञ, नक्की काय म्हणाला, हे एरवी पै-पाहुण्याची उलटतपासणी करणाऱ्या माझ्या वडिलांनी विचारलं नाही. जोशीबुवानं मंगळ आहे म्हणून सांगितलं असतं तर त्याला जिना उतरवला असता. पण हा मंगळ विलायती मासिकातून आला होता. फॉर्म आणायचा राहिला. मी जेवले नाही, रडले, पाय आपटले. वडील शांतपणे म्हणाले, "भावनेनं भविष्य बदलत नाही." हे वाक्यही त्या सदरातलंच होतं.

मला गाण्याच्या क्लासला घातलं. माझा गळा म्हणजे काय सांगू, पेटीवरच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी डोळे मिटले ते तंद्री लागली म्हणून नव्हे. सकाळी उठून मी चाळीच्या नळावर पाणी भरायचे, चुलीची राख काढायचे, धुणं धुवायचे आणि दुपारी येणाऱ्या काळातला फावला वेळ घालवायला सा रे ग म करायचे. आईचं तोंड रोज सुटायचं. "जेवणाच्या बदली गोळी खातली म्हणे माणसां. सांगूक तेचा काय जाता? घरात रांधणारी बायल आसा म्हणान ह्यो उद्याच्या गजाली करता." आईच्या असल्या बोलण्यानं मला जरा बरं वाटायचं, पण फॉर्म भरायची तारीख निघून गेली होती.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. मी क्लासहून परत येत होते. समोरून उद्यावाल्यांची मुलगी आली. ती शाळेत माझ्याच वर्गात होती, सायन्समध्ये माझ्या बरीच खाली. तिच्या हातावर पांढरा एप्रन होता आणि बोटांवर पिवळे डाग. ॲसिडचे डाग. ते मला आज इतक्या वर्षांनी लिहितानाही दिसताहेत. मी विचारलं, "हे काय गं?"

"प्रॅक्टिकल होतं ना आज. वाट लागली हाताची." ती हसली. "तू का नाही आलीस सायन्सला? मला वाटलं तूच पहिली असशील."

"तुझे बाबा म्हणाले की प्रयोगशाळा बंद होणार आहेत."

"अगं, ते लेखातलं," ती म्हणाली. "ते घरात कोण मनावर घेतं? आम्ही तर वाचतसुद्धा नाही."

तिचा काही दोष नव्हता. ती सरळ मुलगी होती. पण मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. दारातूनच मी आईला सांगितलं आणि आईनं हातातला झारा खाली ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, एवढंच ती म्हणाली, पुढचं तिनं मनात पुरं केलं असणार. वडील कचेरीतून आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "त्यांनी काही विचार केला असेल. त्यांची गोष्ट वेगळी." मग पुढे म्हणाले की आता वर्ष गेलंच आहे, पुढच्या जूनमध्ये बघू म्हणण्यातही अर्थ नाही, आत्यानं गिरगावातलं एक स्थळ आणलंय. स्थळाकडच्यांनी पत्रिका मागितली होती. "आमच्याकडे पत्रिका नसते, असं ठणकावून कळवलंय मी," हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्या क्षणी त्यांना धरून हलवावंसं वाटलं. त्याच दिवशी मी ठरवलं, या दोघांना मी सोडणार नाही. पुढचा जून गेला तर मी गिरगावात पोळ्या लाटत असणार, म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आत.

संधी वडिलांनीच आणून दिली. वाचनालयाची व्याख्यानमाला दर मे महिन्यात शाळेच्या पटांगणात व्हायची. त्या वर्षी शेवटच्या दिवशी परिसंवाद ठरला, 'उद्याचे जग'. तीन वक्ते होते. एक कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे तरुण प्राध्यापक, एक तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, काठी टेकत चालणारे म्हातारे सर, आणि अर्थात उद्यावाले. स्वागतगीत मी म्हणायचं, कारण मी वर्षभर गाणं शिकत होते. आणि दर वर्षी आभार मानणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला म्हणून वडील म्हणाले, "आभारही तूच मान. ही नावं. मांडव, लाउडस्पीकर, शाळेचे मुख्याध्यापक. वाच आणि खाली बस."

ज्यांना आपल्या व्याख्यानमाला ठाऊक आहेत त्यांना आभारप्रदर्शन म्हणजे काय ते सांगायला नको. ते सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. पण त्यात एक मोठी सोय आहे. आभार मानणाऱ्याला कोणी थांबवत नाही. वक्त्याला चिठ्ठी जाते, अध्यक्ष घंटा वाजवतात. पण "मी आपली ऋणी आहे" म्हणणाऱ्या मुलीला खाली बस म्हणायची आपल्याकडे रीत नाही. समोर हार घालून बसलेल्या पाहुण्यानं तेवढा वेळ हात जोडून हसत राहायचं असतं.

स्वागतगीत मी माझ्या ताकदीनं म्हटलं. पुढच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं. मग परिसंवाद सुरू झाला. प्राध्यापक सावकाश बोलले. म्हणाले, मी फार पुढचं सांगू शकत नाही. अमुक केलं तर तमुक होईल, एवढंच मला सांगता येतं, आणि काय घडलं तर माझं चुकलं असं समजायचं, तेही मी आधीच सांगून ठेवतो. लोकांना ते फार रुचलं नाही. म्हाताऱ्या सरांनी विचारलं की आपण असं होणार, आपण तसं करणार, असं सगळे म्हणतात, त्यातले 'आपण' म्हणजे नक्की कोण? भांडी यंत्रावर गेली तर भांडी घासणारीचं काय होणार, हे त्या 'आपण'मध्ये धरलंय का? पुढचं बघणाऱ्यानं एकच उद्या सांगू नये, दोन-चार सांगावेत, आणि त्यातला कुठला हवा हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं. टाळ्या बेताच्याच पडल्या.

उद्यावाले उभे राहिले आणि मांडव जागा झाला. "यांच्या विटा आणि त्यांचा नकाशा घेऊन उद्याचं घर मी बांधतो," असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं. मग गोळ्या आल्या, विद्युत मेंदू आले, चंद्र आला. लोक तल्लीन झाले. वडील सगळ्यांत पुढे बसले होते, तेही तल्लीन.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या त्यात एक माझी होती, नाव न घातलेली. भविष्य चुकलं तर ते सांगणाऱ्यानं काय करावं? प्राध्यापक म्हणाले, चुकलो असं चारचौघांत सांगावं आणि मांडणी पुन्हा तपासावी. म्हातारे सर म्हणाले, त्या चुकीनं कोणाचं नुकसान झालं ते आधी जाऊन बघावं. उद्यावाले हसले. "भविष्य चुकत नाही," ते म्हणाले. "फक्त उशिरा येतं." प्रचंड टाळ्या. त्या टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या तेव्हा मी आभाराला उभी राहिले.

मांडववाल्यांचे मानले, लाउडस्पीकरवाल्यांचे मानले, मुख्याध्यापकांचे मानले. चपलांचा आवाज सुरू झाला होता. मग मी हातातला कागद घडी करून म्हणाले, "आजचे पाहुणे, आमचे उद्यावाले काका, यांची मी व्यक्तिशः ऋणी आहे. गेल्या वर्षी ते मुद्दाम आमच्या घरी आले आणि मुलींना सायन्स शिकायची गरज राहणार नाही, प्रयोगशाळा बंद होणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्यामुळे मी कॉलेजात गेले नाही. गाणं शिकले. ते आपण मघाशी ऐकलंतच."

पहिलं हसू मागच्या रांगेत फुटलं. चपलांचा आवाज थांबला.

"आणि काकांचं मोठेपण असं," मी म्हणाले, "की त्या बंद पडणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःच्या मुलीला घातलं. दुसऱ्याची मुलगी वाचवली आणि आपली दिली. असा त्याग हल्ली कोण करतो? त्याबद्दल सर्वांच्या वतीनं त्यांचे आभार."

आता सगळा मांडव हसत होता. उद्यावाले हात जोडून बसले होते आणि रीतीप्रमाणे हसत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. त्यांच्या मानेवर घाम आला होता. तो मी बघितला. अगदी पोटभर बघितला. म्हातारे सर काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून माझ्याकडे बघत होते. मला तिथे थांबता आलं असतं. पण मी दोघांना सोडणार नव्हते.

"शेवटी माझ्या वडिलांचे आभार. ते सुधारक आहेत हे आपण जाणता. आमच्या घरात पत्रिका बघत नाहीत. कोणी सांगितलेल्या भविष्यावर विश्वास ठेवून आमच्या घरात कोणाचं आयुष्य ठरवत नाहीत. असे वडील मिळाले, मी ऋणी आहे."

यावर कोणी हसलं नाही. मी खाली बसले. अध्यक्षांनी घाईघाईनं चहाची सूचना केली. वडिलांनी मान वर केली नव्हती. ते आपल्या हातांकडे बघत होते.

आता कोणी म्हणेल, एवढं झाल्यावर पोरीचा राग गेला असेल. नाही गेला, त्याचं कारण ऐका. चहाच्या वेळी उद्यावाले माझ्याकडे आले, पाठीवर थाप मारली आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झकास बोललीस. तुझ्यासारख्या मुलींचा काळ येणार आहे." आणि पुढच्याच अंकातल्या सदरात त्यांनी लिहिलं की येत्या काळात मुली घरच्यांशी भांडून विज्ञानाकडे वळतील, असं भाकीत आपण पूर्वीच केलं होतं आणि त्याची पहिली चिन्हं उपनगरांतून दिसू लागली आहेत. मी ते दोनदा वाचलं. माझा सूडसुद्धा त्या माणसानं आपल्या खात्यात जमा करून घेतला होता. त्याला हरवायची सोयच नव्हती. जे घडेल ते त्यानं आधीच सांगितलेलं असणार.

वडील व्याख्यानमालेपासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आईमार्फत चाललं होतं. तो अंक त्यांच्या उशाशी पडलेला मी पाहिला, पण त्यांनी वाचला की नाही कळलं नाही. आत्याकडून निरोप आला होता की गिरगावचे लोक येत्या रविवारी बघायला येतील, पत्रिका नसली तरी चालेल. आईनं माझी हिरवी साडी धुऊन वाळत घातली होती. जून लागला होता.

एक दिवस सकाळी मला धुराच्या वासानं जाग आली. बंबाचा धूर, पण लाकडाच्या ढलप्यांचा नव्हे, कागदाचा. मी मोरीशी गेले. वडील पाटावर बसले होते. शेजारी तो दोरीनं बांधलेला गठ्ठा होता, दोरी सुटलेली. ते एकेक कात्रण घेत होते, बघत होते आणि बंबात घालत होते. सगळ्यांत वर नवा अंक होता, तो त्यांनी शेवटी ठेवला. तो मात्र न बघता घातला. आई चुलीपाशी उभी होती. एरवी असल्या वेळी तिनं काही ना काही ऐकवलं असतं. तेव्हा तिनं चहाचं आधण ठेवलं.

आमच्या घरात पहिली आंघोळ वडिलांची असे. त्यांच्याआधी बंबाच्या पाण्याला कोणी हात लावत नसे. ते उठले, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी तापलंय. आज आधी तू घे."

"कुठे जायचंय?"

"माटुंग्याला. फॉर्म द्यायला लागलेत." मग जरा थांबून म्हणाले, "आत्याला मी कळवतो."

मी मोरीचं दार लावलं आणि तोटी सोडली. पाणी चटका बसेल इतकं तापलं होतं. मी त्यात गार पाणी घातलं नाही.